तापमानवाढीची बातमी कोणत्या पानावर?

१६ एप्रिल २०२३ रोजी रविवार होता. त्या दिवशी नवी मुंबईतल्या खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, लाखो माणसे सकाळपासून भर दुपारपर्यंत उघड्यावर बसून राहिली आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पुढचा आठवडाभर मी मिळतील तेवढी मराठी वृत्तपत्रे घरी आणून वाचली. मांडव का घातला नव्हता, सोहळा संध्याकाळी का ठेवला नाही, पाण्याची आणि रुग्णवाहिकांची सोय किती होती, जबाबदार कोण, भरपाई किती, चौकशी कोणी करायची, या प्रश्नांनी पहिली पाने भरून गेली होती. हे सगळे प्रश्न विचारायलाच हवे होते आणि बातमीदारांनी ते नेटाने विचारले. जवळच्या केंद्रावर कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, एवढी नोंद बहुतेक बातम्यांत होती. पण ३८ अंश हा आकडा एप्रिलमध्ये आपल्या भागात अगदी न ऐकलेला नसताना माणसे का दगावली, हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही म्हणजे शरीरात नेमके काय घडते, आणि असा दमट उष्मा पूर्वीपेक्षा किती अधिक वेळा येऊ लागला आहे, याची विचारपूस करणारा मजकूर मला फार थोडा सापडला.

महिनाभराने, मे २०२३ मध्ये, ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने त्या एप्रिलमधल्या उष्म्याचा हिशोब प्रसिद्ध केला. भारत आणि बांगलादेशात त्या वेळी आलेल्या दमट उष्णतेच्या लाटेची शक्यता माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे किमान ३० पटींनी वाढली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अभ्यास विस्तृत प्रदेशाचा होता, एका मैदानाचा नव्हता. त्यामुळे खारघरचे मृत्यू सरसकट तापमानवाढीच्या नावावर लिहिता येत नाहीत. तरीही खारघरची दुर्घटना त्याच महिन्यात आणि त्याच दमट हवेत घडली होती. माझ्याकडे येणाऱ्या वृत्तपत्रांत ही बातमी आली ती देश-विदेशच्या पानावर, एका स्तंभात, आणि तिच्यात खारघरचे नाव नव्हते. घटना पहिल्या पानावर, तिच्यामागचे एक मोठे कारण महिन्याने आतल्या पानावर, आणि दोन्हींची सांगड वाचकाने आपली आपण घालायची, याचे मला फार वाईट वाटले. जागतिक तापमानवाढीकडे माध्यमे कशी पाहत आली, याचा विचार करताना मला आपल्याकडच्या अडचणीचे मूळ या पानांच्या वाटणीतच दिसते.

पाश्चात्त्य देशांतली गोष्ट वेगळी आहे, आणि ती आधी सांगायला हवी, कारण माध्यमांच्या दृष्टिकोनाविषयी जे काही लिहिले जाते ते बहुतेक तिथल्या अनुभवावर आधारलेले असते. २३ जून १९८८ रोजी नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली आणि ही तापमानवाढ नैसर्गिक चढउतार नाही, याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे, असे सांगितले. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत भीषण दुष्काळ होता. दुसऱ्या दिवशी ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर होती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसीची, म्हणजे हवामानबदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणाऱ्या आंतरसरकारी मंडळाची, स्थापना झाली. इथून पुढे माध्यमे आणि विज्ञान हातात हात घालून जातील असे कोणालाही वाटले असते. पण झाले उलटे. विज्ञान जसजसे ठाम होत गेले तसतसा अमेरिकी वृत्तपत्रांतला संशय वाढत गेला. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या दोन अभ्यासकांनी २००४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. अमेरिकेतल्या चार प्रतिष्ठित दैनिकांतील १९८८ ते २००२ या काळातले ६३६ लेख त्यांनी तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक लेखांत, ‘माणूस जबाबदार आहे’ आणि ‘हे सगळे नैसर्गिक आहे’ या दोन्ही बाजूंना सारखेच वजन दिलेले आढळले. त्याच वर्षी विज्ञानाच्या इतिहासकार नाओमी ओरेस्केस यांनी ९२८ शोधनिबंधांचे गोषवारे तपासले होते, आणि त्यांत ‘माणूस जबाबदार आहे’ या शास्त्रज्ञांच्या सहमतीला विरोध करणारा एकही नव्हता. म्हणजे प्रयोगशाळेत जो वाद उरलेला नव्हता, तो वृत्तपत्रात जिवंत ठेवला गेला.

यामागे पत्रकारांचा दुष्टपणा होता असे मी म्हणणार नाही. दोन्ही बाजू द्याव्यात, हा संस्कार आमच्या व्यवसायात पहिल्या दिवसापासून केला जातो आणि राजकारणाच्या बातमीत तो योग्यच असतो. पण या संस्काराचा फायदा घेणारे तयारच होते. १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने तयार झालेला एक आराखडा उघड झाला, आणि हवामानशास्त्रातल्या अनिश्चितता सामान्य नागरिकांच्या गळी उतरल्या की आपला विजय झाला असे समजावे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. ब्रिटनमध्ये ही सवय मोडायला फार वर्षे लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये बीबीसी रेडिओवर ब्रिटनचे माजी अर्थमंत्री लॉर्ड लॉसन यांनी तापमानवाढीविषयी चुकीची विधाने केली आणि मुलाखतकाराने ती खोडली नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने त्याबद्दल बीबीसीवर ठपका ठेवला. त्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये बीबीसीच्या वृत्तविभागाने आपल्या पत्रकारांना कळवले की, वादाचा तोल राखण्यासाठी तापमानवाढ नाकारणाऱ्या माणसाला बोलावण्याची गरज नाही. हॅन्सन यांच्या साक्षीनंतर या निर्णयापर्यंत पोहोचायला ३० वर्षे गेली, आणि त्या ३० वर्षांत हवेत किती कार्बन डायऑक्साइड मिसळला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विलंबाची किंमत कळते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वृत्तपत्रांनी हा वाद तसा कधी खेळलाच नाही. सायमन बिलेट यांनी २००२ ते २००७ या काळातल्या भारतातल्या चार इंग्रजी दैनिकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे दिसले की भारतीय वृत्तपत्रे मानवनिर्मित तापमानवाढ हे सरळसरळ सत्य मानून चालतात. त्यांचा भर असतो तो दोष कोणाचा यावर. यालाही एक इतिहास आहे. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या वतीने एक पुस्तिका लिहिली आणि श्रीमंतांच्या चैनीसाठी होणारे उत्सर्जन आणि गरिबाच्या जगण्यापुरते उत्सर्जन एकाच तागडीत तोलता येणार नाही, असे जगाला ठणकावून सांगितले. तो युक्तिवाद न्याय्य होता आणि आजही आहे. मराठी वृत्तपत्रांत मी जे पाहिले, ते या चित्राशी जुळते. संशयाचे विष आपल्या पत्रकारितेत फारसे भिनले नाही. मात्र दोष परक्याचा आणि परिषदा परक्या शहरांतल्या, त्यामुळे बातमीसुद्धा परक्या पानावरची, अशी सवय लागली.

नव्वदच्या दशकात मी मुंबईच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. ठाण्याहून लोकलने जायचे आणि दुपारी डेस्कवर बसायचे. एजन्सीचा इंग्रजी मजकूर टेलिप्रिंटरवर अखंड येत असे. शिपाई कागद फाडून आणत असे आणि मुख्य उपसंपादक त्याचे पानागणिक गठ्ठे लावत असत. हवामानबदलावरची क्योटोची परिषद १९९७ च्या डिसेंबरात झाली, तेव्हा तिचा सगळा मजकूर देश-विदेशच्या गठ्ठ्यात गेला आणि तो भाषांतर करून, कापून, उरलेल्या जागेत बसवला गेला. भातसा आणि तानसा धरणांतला पाणीसाठा शहराच्या पानावर. कोकणात अवकाळी पाऊस झाला तर राज्याच्या पानावर, आणि वाशीच्या बाजारात हापूसची आवक घटली तर व्यापाराच्या पानावर. बातमीदारांच्या कामाची वाटणीही तशीच होती: महापालिका, पोलीस, मंत्रालय, न्यायालय, रेल्वे. वाऱ्याला आणि पाण्याला या वाटणीत घर नव्हते. हे कोणी ठरवून केले नव्हते. ही मांडणी आम्हा सगळ्यांच्या आधीपासून चालत आली होती आणि वर्तमानपत्र रोज वेळेवर छापायचे तर अशी मांडणी लागतेच. पण तिचा परिणाम असा झाला की एकाच कारणाची चार फळे चार पानांवर विखुरली गेली आणि वाचकाला ते झाड कधी दिसलेच नाही.

२६ जुलै २००५ च्या पावसाची आठवण या भागात राहणाऱ्या कोणाला नाही? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे उल्हास नदीने बदलापूर आणि कल्याणच्या सखल भागांत हाहाकार माजवला. त्यानंतरच्या बातम्यांत मिठी नदी आली, तुंबलेली गटारे आली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या सगळ्याची बारकाईने तपासणी केली. ही पत्रकारिता चांगली होती. नदीच्या पात्रात झालेली बांधकामे तिच्यामुळेच लोकांना कळली. पुढे डिसेंबर २००६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांचे सहकारी यांचा एक शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. १९५१ ते २००० या काळातल्या मध्य भारतातल्या पावसाच्या दैनंदिन नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आहेत, मध्यम पावसाचे कमी झाले आहेत, आणि हे दोन्ही एकमेकांची भरपाई करीत असल्यामुळे हंगामाच्या एकूण सरासरीत फारसा फरक दिसत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

या निष्कर्षापाशी मी थोडी थांबते, कारण आपल्या वृत्तपत्रांच्या रोजच्या कामाशी याचा फार जवळचा संबंध आहे. पावसाळ्याची आपली सर्वांत मोठी बातमी कोणती असते? यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस पडणार, किंवा इतके टक्के पडला. एप्रिलमध्ये हवामान खात्याचा अंदाज येतो तेव्हा हा आकडा मथळ्यात असतो आणि सप्टेंबरअखेरीस हिशोब लागतो तेव्हाही तोच मथळ्यात असतो. शंभरच्या जवळपास आकडा आला की सगळे ठीक आहे, असा निःश्वास टाकला जातो. पण बदल झाला आहे तो या आकड्याच्या पोटात. तेवढेच पाणी आता थोड्या दिवसांत आणि मोठमोठ्या लोंढ्यांनी येते, मधले दिवस कोरडे जातात, भाताची लावणी खोळंबते आणि मग एका रात्रीत बांध फुटतात. तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते, दर अंशामागे सुमारे ७ टक्के, आणि आपल्या शेजारचा अरबी समुद्रही तापत चालला आहे. २०१७ मध्ये त्याच पुण्याच्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी सांगितले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावरच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठा प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत, आणि महाराष्ट्र या पट्ट्यात येतो. सरासरीचा मथळा छापणारा उपसंपादक खोटे काही छापत नाही. त्या एका आकड्यावर भिस्त ठेवणाऱ्या वाचकाला मात्र आपल्या डोळ्यांदेखत घडलेला बदल वृत्तपत्रात सापडत नाही.

२००७ साली हे चित्र पालटेल असे वाटले होते. आयपीसीसी आणि अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना त्या वर्षी शांततेचे नोबेल मिळाले, आयपीसीसीचे अध्यक्ष त्या वेळी राजेंद्र पचौरी होते, आणि एका भारतीयाचे छायाचित्र आल्यामुळे हा विषय आपल्याकडेही एकदम पहिल्या पानावर आला. शाळांतून निबंध लिहवून घेतले गेले, पुरवण्या निघाल्या. त्यानंतर दोन वर्षांत ओहोटी लागली. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची फार शक्यता आहे, असे एक विधान आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात शिरले होते आणि जानेवारी २०१० मध्ये ते चुकीचे असल्याचे मान्य करून आयपीसीसीला खेद व्यक्त करावा लागला. या प्रकरणातली एक गोष्ट पत्रकार म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. ते विधान आले कुठून? १९९९ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकाने एका शास्त्रज्ञाशी झालेल्या बोलण्यावरून एक बातमी छापली, ती एका पर्यावरणवादी संस्थेच्या अहवालात उद्धृत झाली, आणि त्या अहवालाच्या आधारे ती आयपीसीसीच्या पानात गेली. म्हणजे बातमीच फिरून विज्ञानाच्या वेषात परत आली आणि मग वृत्तपत्रांनी ती विज्ञान म्हणून पुन्हा छापली. साल चुकले होते, हिमनद्या आटत आहेत हे चुकले नव्हते. पण त्या जानेवारीत, भारतातही, चुकीच्या सालाला जी जागा मिळाली तिच्या मानाने आटणाऱ्या बर्फाला फारच थोडी मिळाली.

त्या वेळचे उरलेसुरले संशयाचे तुकडे आजही आपल्यापर्यंत येत असतात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पाठवतो की १९७० च्या दशकात हेच शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणून सांगत होते. याचे मूळ ‘न्यूजवीक’ने एप्रिल १९७५ मध्ये छापलेल्या थंड होत जाणाऱ्या जगाविषयीच्या एका पानी मजकुरात आहे. पुढे २००८ मध्ये अभ्यासकांनी १९६५ ते १९७९ या काळातले शोधनिबंध मोजले, तेव्हा पृथ्वी थंड होईल म्हणणारे ७ निघाले आणि तापेल म्हणणारे ४४. साप्ताहिकातले एक पान लक्षात राहिले, चव्वेचाळीस निबंध राहिले नाहीत. गटावर असा संदेश आला की मी दर वेळी हे आकडे लिहून पाठवते, आणि खालच्या मजल्यावरचे काका दर वेळी ‘धन्यवाद, माहीत नव्हते’ असे मनापासून लिहितात.

गेल्या दहा वर्षांत मात्र खरा पालट झाला आहे आणि तो मान्य करायला हवा. शास्त्रज्ञ पूर्वी म्हणत की कोणतीही एक घटना तापमानवाढीमुळे झाली असे सांगता येत नाही, आणि हे वाक्य आमच्या कॉपीत ठरलेल्या जागी येत असे. २००३ च्या युरोपातल्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पहिल्यांदा असा हिशोब मांडला की माणसाच्या हस्तक्षेपामुळे तसा उन्हाळा येण्याचा धोका किमान दुप्पट झाला होता. त्यासाठी दोन जगांची तुलना करतात: एक आपले तापलेले जग, दुसरे संगणकावर उभे केलेले, उद्योगांचा धूर नसलेले जग, आणि तशी घटना दोन्हींत किती वेळा येते ते पाहतात. आता हे काम काही आठवड्यांत, कधी काही दिवसांत होते. बातमी ताजी असतानाच आकडा हाती येऊ शकतो. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे आता लहान मुलांनाही कळतात. वृत्तपत्रांत पर्यावरण पाहणारे बातमीदार आहेत आणि त्यांतल्या काहींचे काम मी आदराने वाचते.

या पालटाबरोबर एक नवी अडचण आली आहे. मागच्या पावसाळ्यात, वाशी आणि बेलापूरच्या काही भागांत पाणी साचले होते त्या संध्याकाळी, माझ्या ओळखीच्या एका तरुण बातमीदाराचा फोन आला.

“ताई, अधिकारी म्हणतायत की क्लायमेट चेंजमुळे एवढा पाऊस झाला, त्यामुळे पाणी तुंबलं. तोच अँगल घेऊ का?”

“पाऊस किती वाजता झाला आणि भरती किती वाजता होती, ते विचारलंस का?” मी म्हटले.

“नाही.”

“आणि होल्डिंग पॉण्डमधला गाळ शेवटचा कधी काढला?”

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “विचारतो. बातमी नऊपर्यंत थांबवता येईल.”

नवी मुंबई वसवताना सिडकोने खाडीलगतच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर भराव घालून नोड, म्हणजे वाशी-बेलापूरसारखी उपनगरे, उभे केले. बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली राहणार होती, म्हणून धारण तलाव खोदण्यात आले, ज्यांना सगळे होल्डिंग पॉण्डच म्हणतात. भरती आली की खाडीच्या तोंडावरच्या झडपा बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. तलावात गाळ साचला की थांबायला जागा उरत नाही. काही तलावांत खारफुटी वाढली आहे, आणि खारफुटीला न्यायालयाने दिलेले संरक्षण योग्यच असल्याने गाळ काढण्याच्या परवानग्या हा वर्षानुवर्षांचा विषय होऊन बसला आहे. दुसरीकडे समुद्राची जागतिक पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे, म्हणजे झडप बंद राहण्याची वेळ हळूहळू वाढणार आणि तलावाला अधिक पाणी अधिक वेळ सांभाळावे लागणार. तापमानवाढ आणि गाळ ही दोन कारणे इथे एकमेकांना बळ देतात. पाऊस जास्त पडणार हे माहीत असेल तर गाळ काढण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. एके काळी परदेशात तापमानवाढ नाकारण्यासाठी अनिश्चिततेचा आधार घेतला गेला. आज आपल्याकडे तापमानवाढ चटकन मान्य करून तिच्या आड न केलेली कामे लपवली जाण्याची भीती आहे. जोराची सर आली की ढगफुटी झाली असे सांगितले जाते आणि ते तसेच छापलेही जाते, वास्तविक हवामान खात्याची कसोटी तासाला १०० मिलिमीटर इतकी कडक आहे आणि तो आकडा पर्जन्यमापकावर पाहता येतो.

जूनच्या सुरुवातीला सगळी वृत्तपत्रे साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची चौकट छापतात. मी ती कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर लावते. तारीख, वेळ, मीटरमधली उंची, असे तीन रकाने. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून ठेवली गेली आहे, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. त्या चौकटीखाली दोन ओळींत एवढे सांगता येईल की ही नोंद कशी सरकत आली आहे आणि त्या दिवशी कोणत्या नोडमधल्या झडपा किती वेळ बंद राहतील. वाचकाला ते त्याच्या रस्त्याविषयीचे वाटेल, परिषदेविषयीचे नाही.

छायाचित्रांबद्दलही असेच म्हणता येईल. युरोपातल्या २०१९ च्या उष्णतेच्या लाटांच्या वेळी तिथल्या वृत्तपत्रांनी कोणती छायाचित्रे छापली, याचा अभ्यास एक्सेटर विद्यापीठातल्या सॅफ्रन ओनील यांनी केला आणि समुद्रकिनारे, कारंजी, पोहणारी मुले अशी मौजेची चित्रेच फार निघाली. आपल्याकडे अंगाची लाहीलाही या मथळ्याखाली कोकम सरबताचा पेला असतो, तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुली असतात, किंवा तलावपाळीवर झाडाखाली टेकलेली माणसे असतात. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारा माथाडी या चित्रात क्वचितच दिसतो. मी एप्रिलच्या एका दुपारी तिथे गेले होते. ट्रकच्या फळीवरून उतरताना त्या माणसाने डोक्यावरचे फडके पाण्यात बुडवून पिळले, पुन्हा बांधले आणि पुढचे पोते घेतले. फडके दुसऱ्या फेरीपर्यंत वाळले नव्हते. हवा इतकी दमट असेल तर अंगावरचा घाम कसा वाळेल आणि शरीर थंड कसे होईल? तापमापकावरचा अंश हे सांगत नाही. किनारपट्टीसाठी हवामान खाते ३७ अंशांची मर्यादा धरते, मैदानी भागासाठी ४०, याचे कारण हा दमटपणाच आहे, आणि तरीही आपल्या मथळ्यात विदर्भाचा ४५ चा आकडा मोठ्या टाइपात आणि ठाण्याचा ३८ चा आकडा कोपऱ्यात असतो.

त्याच बाजारात हापूसच्या पेट्या उतरत होत्या. मोहोर धरायला थंडी लागते, अवकाळी पावसाने मोहोर काळा पडतो, मार्चमधल्या उष्म्याने लहान फळे गळतात. देवगड-रत्नागिरीचा बागायतदार हे सगळे महिनावार सांगू शकतो. वृत्तपत्रात त्याचे एकच वाक्य उरते की आवक घटली आणि पेटीचा भाव चढला.

उष्णतेने माणसे मरतात तेव्हा ती बहुधा मैदानावर, कॅमेऱ्यासमोर मरत नाहीत. ती पत्र्याखालच्या खोलीत, रात्री, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार अशा नोंदीखाली जातात. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली होती. पुढे संशोधकांनी शहराची मृत्यूनोंदणी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिली, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाल्याचे दिसले. या हिशोबातून २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि तो दक्षिण आशियातला पहिला ठरला. ठाणे महापालिकेनेही २०२४ मध्ये सीईईडब्ल्यू (काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर) या संशोधन संस्थेच्या साहाय्याने आपला आराखडा तयार केला आहे.

मृत्यूची नोंद महापालिकेकडेच होते. मागच्या काही वर्षांतल्या मार्च ते जून या महिन्यांची प्रभागवार मृत्यूसंख्या मागवायची, त्या दिवसांचे तापमान आणि आर्द्रता शेजारी मांडायची, आणि वागळे इस्टेटमधल्या पत्र्याच्या वस्त्या व घोडबंदर रस्त्यावरचे वातानुकूलित मनोरे यांत फरक पडतो का ते पाहायचे, असे काम मी त्या तरुण बातमीदाराला सुचवले आहे. त्याने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला आहे आणि मी त्याचा मसुदा वाचून दिला. वृत्तसंपादकांनी त्याला विचारले की ही बातमी कोणत्या पानाची, आरोग्याची की पर्यावरणाची. शहराच्या पानाची, असे उत्तर त्याने दिले, आणि आकडे हाती आले तर पहिल्या पानासाठी भांडेन, असेही त्यांना सांगून ठेवले आहे.